आप्पांचा कोळसा, नातवाचं ऊन आणि सोसायटीची गच्ची

पत्र

नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमची सात मजली, ४२ घरांची सोसायटी आहे आणि यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं आहे. गच्चीवर २० किलोवॉटचं सोलर बसवायचा प्रस्ताव आलाय. कोटेशन १३ लाखांचं आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्याचे आणि पार्किंगचे दिवे मिळून कॉमन मीटरवर महिन्याला २,३०० युनिट पडतात, बिल ३४ हजारांच्या आसपास येतं. पैसे एफडी मोडून द्यायचे म्हणतात.

खरं भांडण माझ्या घरात आहे. सासरे, म्हणजे आप्पा, विदर्भातल्या औष्णिक वीज केंद्रात आयुष्यभर बॉयलरवर होते. ते म्हणतात, ‘सोलर हा अनुदानावरचा तमाशा आहे. अनुदान काढा आणि मग भाव सांगा. रात्री लिफ्ट काय चांदण्यावर चालवणार?’ मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याचं म्हणणं, ‘सोलर अडीच रुपये, कोळसा सहा रुपये. देशाची निम्मी वीज स्वच्छ झालीसुद्धा, आजोबा अजून नव्वदच्या दशकात आहेत.’ परवा जेवताना आवाज चढले. तेव्हापासून आप्पा नातवाशी बोलत नाहीत. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे आणि आप्पांचं तिथे वजन आहे. दोघांत बरोबर कोण? आणि सभेत मी बोलू काय?

– दोन्हीकडून ऐकणारी, मुलुंड

उत्तर

ताई, निकाल आधी सांगते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. सोलर बसवा. मात्र पाच-सहा वर्षांत इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर थांबा. मुलुंडमध्ये ही शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही, म्हणून तिच्याकडे पुन्हा येते.

आता तुमच्या घरातलं भांडण. दोघंही भाव सांगताहेत, पण वेगवेगळ्या बाजारातले. वाशीच्या मार्केटात कांदा काय भावाने उतरला आणि तुमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीने काय भावाने दिला, यावर दोघं तावातावाने वाद घालत बसले तर दोघंही खरंच बोलत असतात. तसंच हे आहे.

मुलाचा अडीच रुपयांचा आकडा मोठ्या सौर प्रकल्पांच्या लिलावातला आहे. राजस्थान-गुजरातच्या उन्हात शेकडो मेगावॉटचा प्रकल्प उभा करायचा आणि वीज जागेवरच ग्रिडला, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, द्यायची, त्याचा तो भाव. तो खरा आहे. २०१०च्या सुमारास राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावात सौर वीज युनिटला १२ रुपयांच्या आसपास गेली होती. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे ती २.४४ वर आली आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात १.९९. नंतर भाव थोडा वर सरकला. महावितरणने २०२४ मध्ये जो मोठा खरेदी करार ठरवला त्यातली सौर वीज २.७० रुपयांची आहे आणि करार संपेपर्यंत ती तेवढ्यालाच मिळायची आहे. त्याच करारातल्या कोळशाच्या विजेचा दर मात्र कोळशाच्या भावाबरोबर हलणार आहे. माझ्या मते वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि चिरंजीवांनी नेमका तोच सोडलाय. पॅनल एकदा बसलं की ऊन महाग होत नाही.

आप्पांना हे पटवायला बाहेरचे दाखले नकोत, एन्रॉन पुरेसं आहे. या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ केंद्राची वीज ‘महाग, महाग’ म्हणून गाजली त्यामागे कराराच्या अटी होत्याच, पण इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारं, आणि हिशेब डॉलरमध्ये, हेही होतं. नाफ्था वर गेला, रुपया खाली गेला आणि २००१ मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणंच थांबवलं. मंडळात नोकरी केलेल्या माणसाला ते दिवस आठवत नसतील असं होणार नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर आयात कोळसा भडकला तेव्हाही तेच झालं. परदेशी कोळशावरची केंद्रं ‘परवडत नाही’ म्हणून बंद राहू लागली आणि केंद्र सरकारला कायद्याचा बडगा दाखवून ती चालवायला लावावी लागली.

पण आप्पांची बाजूही मला लंगडी वाटत नाही. खाणीच्या तोंडाशी असलेलं जुनं केंद्र, ज्याचं कर्ज केव्हाच फिटलंय, आजही तीन रुपयांच्या आसपास वीज देऊ शकतं. मुलाचा सहा रुपयांचा आकडा आज नव्याने बांधायच्या केंद्रांचा आहे. आप्पांनी ज्या बॉयलरवर आयुष्य काढलं त्याला तो लावणं हा अन्याय आहे. शिवाय ‘देशाची निम्मी वीज स्वच्छ’ हे साफ चूक. २०२५च्या मध्यावर निम्मी झाली ती स्थापित क्षमता, म्हणजे बसवलेल्या यंत्रांची ताकद. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. सूर्य रोज पाच-सहा तासच जोरात काम करतो आणि बॉयलर रात्रंदिवस पेटता असतो, त्यामुळे मेगावॉटला मेगावॉट लावून चालत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलाला हे कळायला हवं होतं, असं त्याला माझ्या वतीने सांगा. तुमच्या वतीने सांगितलंत तर पुन्हा ताटावर भांडण होईल.

आणि चांदण्याचा प्रश्न? तो टोमणा म्हणून विचारलाय, पण प्रश्न रास्त आहे. दुपारी दोनचं युनिट आणि संध्याकाळी साडेसातचं युनिट, दोन्ही मीटरवर सारखीच दिसतात, पण सारख्या किमतीला तयार होत नाहीत. दिवे, टीव्ही, एसी एकदम लागतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. मग धरणं, कोळसा, गॅस आणि आता बॅटरी. बॅटरीसकट सौर वीज घेण्याचे लिलाव २०२४ मध्ये साडेतीन रुपयांच्या आसपास गेले. काही तासांपुरती साठवण आता आवाक्यात आलीय, पण पावसाळ्यात सलग आठवडाभर आभाळ गच्च राहिलं तर बॅटरीवर राज्य चालत नाही. आज बॉयलर विझवा असं कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. नवे किती बांधायचे, यावर मात्र जरूर भांडावं.

आता बिलावर न छापले जाणारे भाव. इथे मी आप्पांच्या विरोधात जाणार आहे.

आपल्या देशी कोळशात राख भरपूर. शंभर किलो जाळला की तीस-पस्तीस किलो राख उरते, हे आप्पा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यातली काही राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचा चिखल नागपूरजवळच्या शेतांत आणि नाल्यांत गेला. ते नुकसान कोणाच्या युनिटमागे लागलं? गंधकाचंही तसंच. धुराड्यातून जाणारा गंधक अडवायची यंत्रणा दोन वर्षांत बसवा, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदतीवर मुदत मिळत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. यंत्रणा बसवली असती तर युनिटचा भाव वाढला असता. बसवली नाही म्हणून खर्च नाहीसा झाला असं नाही, तो केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांच्या छातीत गेला. मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या डहाणूच्या केंद्रात ही यंत्रणा २००७ पासून आहे, तीही चिकूच्या बागा आणि किनारा वाचवायला तिथले लोक वर्षानुवर्षं कोर्टात लढले म्हणून. म्हणजे करता येतं. पैसे कोणी भरायचे एवढाच प्रश्न.

अनुदानाबद्दल आप्पा ठासून बोलतात, म्हणून करांचंही सांगते. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. वाढत वाढत तो २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला, जीएसटी आल्यावर त्याचं नाव बदललं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द होऊन कोळशाचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. त्याच वेळी सौर साहित्याचा १२ वरून ५ वर आला. सरकारचा हात दोन्ही पारड्यांत कायम असतो. ‘अनुदान काढा मग बघू’ म्हणायचं असेल तर राखेचा आणि धुराचा हिशेबही मांडू द्या.

पण स्वच्छ विजेचं सोवळंही नको. मुंबईची पहिली मोठी वीज कोळशाची नव्हतीच. १९१५ मध्ये खोपोलीहून, सह्याद्रीत अडवलेल्या पावसाच्या पाण्यावर तयार झालेली वीज इथल्या गिरण्यांना मिळू लागली. आजच्या भाषेत शंभर टक्के अक्षय ऊर्जा. पुढे भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीला धरण आलं, मावळातली गावं पाण्याखाली गेली आणि १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते तिथेच. मुंबईला वीज स्वस्त पडली, कारण तिची किंमत दुसऱ्याने मोजली. आज सौर प्रकल्पांसाठी माळरानं घेतली जातात तेव्हाही विचारायचं हेच असतं. तुमच्या गच्चीचं भाग्य असं की तिथून कोणी विस्थापित होणार नाही. झालेच तर वाळवणाचे पापड आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या गाद्या.

तर गच्चीकडे. सभेत राष्ट्रीय चर्चा होऊ देऊ नका, कारण तुमच्या सोसायटीला अडीच रुपयांचंही देणंघेणं नाही आणि सहाचंही नाही. तुम्हाला वीज पडते कितीला? ३४ हजार भागिले २,३००. साडेचौदा रुपयांच्या वर! बिल उलगडून पाहा: वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, स्थिर आकार आणि या सगळ्यावर वीज शुल्क. शिवाय स्लॅब असा की वापर जास्त तेवढा वरच्या युनिटांचा दर चढा. केंद्रातून चार-पाच रुपयांना निघालेली वीज तारा, गळती, इतर ग्राहकांना दिलेली सवलत आणि कर अंगावर घेत तुमच्या लिफ्टपर्यंत येते. गच्चीवरच्या पॅनलची स्पर्धा या साडेचौदाशी आहे.

२० किलोवॉटचं पॅनल मुंबईच्या हवेत, पावसाळा धरून, वर्षाला साधारण २७ हजार युनिट देईल. तुमचा वर्षाचा वापर २७,६०० आहे, त्यामुळे माप अचूक घेतलंय. ज्याने कोटेशन दिलं त्याला शंभरपैकी सत्तर गुण द्यायला हरकत नाही. याहून मोठं बसवू नका. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते त्या पद्धतीत, जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण आर्थिक वर्ष संपताना उरलेल्यांना मिळणारा भाव अगदीच किरकोळ असतो.

पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे ३ लाख ६० हजार. १३ लाखांतून ते गेले की ९ लाख ४० हजार उरतात. धुणं-पुसणं, किरकोळ दुरुस्ती आणि मध्ये एकदा बदलावा लागणारा इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) यांसाठी वर्षाला २५ हजार धरा. पॅनल दरवर्षी थोडं मंदावतं, म्हणून २५ वर्षांची सरासरी २५ हजार युनिट धरा. एफडी मोडल्याने बुडणारं सात टक्के व्याजही हिशेबात घ्या. बहुतेक सोलरवाले ते मुद्दाम विसरतात. तरी युनिट साडेचार रुपयांच्या आत पडतं. आता आप्पांचं ऐकू आणि अनुदान शून्य करू. साडेपाचच्या आसपास. बिलावरचे साडेचौदा आहेत तिथेच आहेत. स्थिर आकार काही सुटणार नाही, म्हणून बचत युनिटला १२च रुपये धरली तरी देखभाल वजा जाता वर्षाला तीन लाख वाचतात. अनुदानासह तीन वर्षांहून थोड्या जास्त काळात पैसे वसूल, अनुदानाशिवाय सव्वाचार-साडेचार वर्षांत. हा कागद आप्पांच्या हातात द्या आणि चूक काढायला सांगा. बॉयलरवरचा माणूस आकड्यांना घाबरत नाही आणि आकड्यांवर रुसतही नाही.

त्यांच्याकडे एक मुद्दा उरतो आणि तो बिनतोड आहे. दिवसा जादा वीज ग्रिडला द्यायची, रात्री परत घ्यायची, म्हणजे महावितरण तुमची फुकटची बॅटरी झाली. तारा आणि रात्रीची केंद्रं सांभाळायचा खर्च मग ज्यांना गच्ची नाही त्यांच्यावर सरकतो, आणि त्यात चाळीतले आणि झोपडपट्टीतले ग्राहक जास्त. म्हणून नेट मीटरिंगचे नियम पुढे आवळले जातील असं धरूनच चाला. तयारी म्हणून एक बिनखर्चाचं काम आजच करा. महापालिकेचं पाणी तुमच्या खालच्या टाकीत पहाटे येत असेल, तर ते वर चढवायचा पंप लगेच सुरू करायची गरज आहे का, बघा. वरची टाकी आदल्या दुपारी भरून ठेवता आली तर पंप उन्हाच्या वेळेत चालेल. वॉचमनला वेळ बदलून द्या आणि महिनाभर कोणाची तक्रार येते का पाहा.

कोटेशनमध्ये काय पाहायचं ते भराभर सांगते. अनुदान हवं असेल तर पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेले हवेत, तसं लेखी घ्या. सांगाडा किती उंच, त्याचे पाय स्लॅबमध्ये कसे बसवणार आणि गळती निघाली तर वॉटरप्रूफिंग कोण करून देणार? मुंबईत सोलरची निम्मी भांडणं सातव्या मजल्याच्या छताला ओल आली की सुरू होतात. वाऱ्याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने मागा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले होते. पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली डिसेंबरातल्या दुपारी कुठवर येते, हे स्वतः गच्चीवर उभं राहून पाहा. शेजारच्या प्लॉटवर टॉवर येणार असेल तर त्याचीही. आणि कबुतरं. मुलुंडमध्ये वेगळं सांगायला नको. बांधकामाची धूळ आणि त्यावर कबुतरांची विष्ठा बसली की पॅनल बघता बघता मंद होतं. पाण्याचा नळ वरपर्यंत आहे का आणि दर पंधरवड्याला धुणार कोण, हे आधी ठरवा.

आणखी एक, कारण सभेत कोणीतरी विचारणारच: लाइट गेली तर लिफ्ट चालेल का? नाही. साधं ऑन-ग्रिड सोलर ग्रिड गेल्याबरोबर स्वतःही बंद होतं. नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसेल. १२ ऑक्टोबर २०२० ला लोकलसकट मुंबई थांबली, त्या दिवशी भर उन्हात तुमचं पॅनल असतं तरी काही कामाचं नव्हतं. त्यासाठी जनरेटर नाहीतर बॅटरी, आणि त्यांचा हिशेब वेगळा. हे आधीच सांगून टाकलंत तर पुढे शिव्या खाव्या लागणार नाहीत.

एफडीबद्दल. ती कोणत्या फंडातली आहे ते खजिनदारांना विचारा. सिंकिंग फंड इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. त्याला हात न लावलेला बरा. दुसरा निधी नसेल तर घरटी वर्गणी काढा. ९ लाख ४० हजार भागिले ४२ म्हणजे साडेबावीस हजारांच्या आत, आणि ते हप्त्यांत घेता येतील. अनुदान काम झाल्यावर येतं, तोवरची तरतूद मात्र आधी करावी लागेल.

नातवाला आजोबांची माफी मागायला लावू नका, त्याने काही सुटत नाही. त्याला एवढंच विचारायला सांगा की केंद्रातला वीजनिर्मितीचा संच अचानक बंद पडला की रात्री काय व्हायचं आणि परत पेटवायला किती तास लागायचे. राज्यात गावोगाव बारा-बारा तास भारनियमन होतं तेव्हा ही माणसं केंद्रात डबल ड्यूटी करत होती आणि आपण मुंबईकर एसी लावून झोपत होतो. आप्पांच्या ‘तमाशा’ या शब्दातला थोडा राग कोणी हे कधी विचारलंच नाही, याचाही असावा.

सभेच्या विषयपत्रिकेत रिडेव्हलपमेंटचा विषय सोलरच्या आधी घ्या. कोणत्या बिल्डरशी कोणाची काय बोलणी चालू आहेत ते तिथे एकदा उघड होऊ दे. बोलणी पुढे गेलेली असतील तर सोलरचा विषय त्याच दिवशी तहकूब करा आणि १३ लाख वाचवा. गेलेली नसतील तर तीन कोटेशन, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि वरचा हिशेब असे तीन कागद तिथेच वाटा. सभेत कोणी ‘जर्मनीत बघा’ किंवा ‘चीनमध्ये बघा’ म्हणून उठलं, तर त्यांना गेल्या महिन्याच्या बिलाची झेरॉक्स द्या आणि मतदान घ्या.